अर्ज अपूर्ण, पुन्हा लिहावा

माझं काम नेमकं काय, हे मी पेणला सासूबाईंना पाच वर्षांत पाच वेगवेगळ्या प्रकारे समजावून सांगितलं. शेवटी एक दिवस त्यांनीच शेजारणीला सांगून टाकलं, "ती घरबसल्या परवानग्या देते." यापेक्षा बरं वर्णन मलाही अजून जमलेलं नाही.

आमची कंपनी आवाज बनवते. म्हणजे तुम्ही एखाद्या माणसाचं तासभराचं बोलणं दिलंत, की कंपनीचा संगणक त्या माणसाच्या आवाजात हवं ते वाक्य बोलून दाखवतो, जे त्याने आयुष्यात कधी उच्चारलंही नसेल. हे यंत्र कंपनीबाहेरच्या प्रोग्रामरांना आपापल्या ॲपमध्ये वापरता येतं. त्यासाठी एक खिडकी ठेवली आहे, तिला एपीआय म्हणतात. बाहेरून वाक्य आत सरकवायचं, आतून आवाज बाहेर येतो. पण खिडकी वाटेल त्याला उघडत नाही. तिला की, म्हणजे किल्ली, लागते. की म्हणजे दोन ओळी, नुसती अक्षरं आणि आकडे. पहिली ओळ म्हणजे तुमचं नाव समजा, दुसरी ओळ गुप्त. ती पडद्यावर एकदाच दिसते. तेव्हा उतरवून घेतली नाही तर पुन्हा म्हणून दिसत नाही, नवी मागावी लागते.

चाचणीची की लगेच मिळते. तिच्यावर कंपनीचे तयार आवाज तेवढे चालतात, आणि ते खरे समजून कोणी फसू नये म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक बारीक 'टिक' वाजते. स्वतः दिलेल्या आवाजासाठी मात्र खरी की लागते आणि तिच्यासाठी अर्ज करावा लागतो. काय बनवताय, कोण वापरणार, आवाज कोणाचा. शिवाय आवाजाच्या मालकाने आमच्याच पानावरचं बटण दाबून तिथल्या तिथे एक वाक्य म्हणायचं असतं: हा आवाज माझा आहे आणि तो वापरायला माझी संमती आहे. आधी करून ठेवलेलं ध्वनिमुद्रण चालत नाही. असे अर्ज तपासायचे, हे माझं काम. मराठीतले सगळे माझ्याकडे येतात, कारण मराठी वाचणारी तिथे मी एकटीच आहे.

हा कडकपणा उगीच नाही. मी नोकरीला लागले त्याच वर्षी एकाने खोटं सांगून की मिळवली होती, आणि कुठल्यातरी म्हाताऱ्या आईला तिच्या मुलाच्या आवाजात फोन गेला होता. तिने विश्वास ठेवला. आई कशी ठेवणार नाही? त्यानंतर मी वरिष्ठांना एक सुचवलं. तपासणाऱ्याला अर्जदाराचं नाव, गाव, ईमेल काहीच दिसू नये, फक्त क्रमांक दिसावा. म्हणजे ओळखीचा, गाववाला, नात्यातला असा प्रश्नच उरत नाही. सूचना मान्य झाली. माझं कौतुक झालं. मी त्या दिवशी घरी शिरा केला होता.

ही अक्कल माझी नव्हती. ती मी रोह्याहून आणली होती.

रोह्याला एसटी स्टँडजवळ एका दुकानाच्या वर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, मागच्या खोल्यांत त्यांचं घर. नऊ संगणक, त्यातले सात चालणारे. शाळा सुटली की आम्ही चपला जिन्यात काढून वर जायचो. प्रत्येकाला आपापला पासवर्ड असे, आणि तो विसरला तर सर सांगत नसत. अर्ज लिहावा लागे. उजवीकडे तारीख, मध्ये विषय, मग महोदय, मग आपण कोण, संगणकावर काय करायचं आहे आणि पासवर्ड कसा हरवला. एक जरी गोष्ट राहिली तर सर लाल पेनाने खाली लिहीत, "अर्ज अपूर्ण. पुन्हा लिहावा." आम्ही चिडायचो. समोर उभी आहे मी, नाव माहीत आहे, तरी अर्ज? सर म्हणायचे, "तू समोर आहेस म्हणून दिला, तर जो समोर नाही त्याच्यावर अन्याय झाला."

काकूंनासुद्धा सूट नव्हती. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. कोलाडकडच्या, बोलायला मोकळ्या, आणि वाचनाचा नाद एवढा की वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकायच्या. एका रविवारी त्यांना संगणकावरचा पत्त्यांचा खेळ खेळायचा होता. सरांनी त्यांच्या पुढे कोरा कागद ठेवला. काकूंनी आम्हा सगळ्यांसमोर व्यवस्थित अर्ज लिहिला. तारीख, विषय, महोदय, सगळं. कारणाच्या जागी दोन शब्द: "कंटाळा आला." सरांनी तो दोनदा वाचला, आणि आम्ही श्वास रोखून बघत असताना खाली लिहिलं, "मंजूर." पुढे कितीतरी दिवस तो कागद क्लासच्या भिंतीवर चिकटवलेला होता.

सरांची आणखी एक पद्धत होती. क्लासमध्ये आसपासच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी माणसंही शिकायला यायची, आणि सेकंड शिफ्ट लागली की त्यांचा धडा बुडायचा. म्हणून सर टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून प्रत्येक धडा कॅसेटवर उतरवून घेत. बुडवणाऱ्याने कॅसेट घरी न्यायची, ऐकायची, परत आणायची. सरांचा आवाज खर्जातला, सावकाश, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा, तुम्हाला काही विचारतोय असा. आम्ही पाठीमागे नक्कल करायचो. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "ऐकतेय हां मी. असा नाय बोलत ते, ह्याच्यापेक्षा गोड बोलतात."

मला ही नोकरी लागली तेव्हा सरांना पहिला फोन केला. त्यांनी पेढे मागितले नाहीत. विचारलं, "पासवर्ड कुठे लिहून ठेवतेस?" मी म्हटलं, कुठेच नाही. ते म्हणाले, "मग ठीक." नंतर कळलं की त्यांनी ही बातमी रोह्यातल्या अर्ध्या बाजाराला सांगितली होती.

मग माझं लग्न झालं, मी पेणला आले. पेण ते रोहा काही लांब नाही. दुपारची गाडी धरली तर चहाच्या वेळेला माणूस सरांच्या दारात. पण जवळच्या गावाला जाणं आपण नेहमीच पुढच्या आठवड्यावर ढकलतो. सरांनी क्लास बंद करून रोह्याजवळच वरशाला घर घेतलं, हे मला क्लासच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर कळलं. काकूंची साखर वाढून दृष्टी गेली, हेही तिथेच. आणि दोन वर्षांपूर्वी, सरांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, हेही तिथेच. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. फोन करावा असं दहादा वाटलं. पण ज्याला बोलता येत नाही त्याला फोन करून काय बोलायचं, अशी मी स्वतःची समजूत काढली. ती समजूत मला सोयीची होती, हे आज कबूल करते.

पहिला अर्ज आला तो गेल्या पावसाळ्याच्या शेवटी. आमच्या घरासमोरच्या गणपतीच्या कारखान्यातली गडबड संपून शांतता झाली होती, म्हणून तो दिवस लक्षात आहे. एरवी मूर्ती घासण्याच्या आवाजामुळे मला मीटिंगमध्ये माइक बंद ठेवावा लागतो. मी अर्ज उघडला आणि मला हसूच आलं. आमच्या फॉर्ममध्ये "उपयोग सांगा" असा एक रकाना आहे. लोक तिथे एक ओळ खरडतात. या माणसाने तिथे अख्खा विनंती अर्ज लिहिला होता. विषय, महोदय, सविनय. "मी एक ॲप तयार केले आहे. ते वापरणारी व्यक्ती एकच आहे. तिला दिसत नाही. तिला परिचित असलेल्या आवाजातच ते बोलले पाहिजे, अन्यथा उपयोग नाही." संस्थेच्या नावापुढे लिहिलं होतं, "नाही." वेबसाइटपुढे, "नाही." आवाजाच्या मालकाची संमती, "सोबत जोडता येत नाही."

मी त्या 'महोदय'चा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "अजून अशी माणसं आहेत." हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या फोटोला कोणी हसलं नसतं तर आज मला थोडं कमी वाईट वाटलं असतं का, कोण जाणे.

नकाराचं मराठी पत्र मीच तयार करून ठेवलेलं आहे. कंपनीचा इंग्रजी मसुदा फार गोडगोड होता. मी तो मोडून दोन वाक्यांवर आणला. "अर्ज अपूर्ण. पुन्हा लिहावा." खाली काय कमी आहे त्याची यादी. तेच पाठवलं.

पंधरा दिवसांत दुसरा आला. या वेळी संस्थेच्या जागी स्वतःचं घर लिहिलं होतं, ॲप कसं चालतं ते पायरीपायरीने लिहिलं होतं, गुप्त ओळ कुठे साठवणार हेसुद्धा. तांत्रिक बाजू इतकी चोख होती की मी शेजारच्या रकान्यात "उत्तम" अशी नोंद केली. आवाजाचा नमुना म्हणून जुनी ध्वनिमुद्रणं आहेत असं म्हटलं होतं. पण ते नमुने की मिळाल्यावर चढवायचे असतात, त्यामुळे माझ्यापर्यंत ते येतच नाहीत. संमतीच्या रकान्यात होतं: "आवाजाचा मालक मीच आहे. त्या मालकाला आता बोलता येत नाही, म्हणूनच हा अर्ज."

मी त्या वाक्यावर थांबले. खरंच थांबले. पण हे वाक्य मी आधीही वाचलं होतं. वडील आजारी आहेत, बोलत नाहीत. भाऊ परदेशात आहे, नेट नाही. प्रत्येक चोराकडे मालकाने न बोलण्याचं एक कारण असतं. मी यादीत लिहिलं, "मालकाची संमती त्याच्याच आवाजात, थेट आवश्यक." आणि पाठवून दिलं.

तिसऱ्या अर्जात संमती होती. म्हणजे बटण दाबलेलं होतं. मी कानाला हेडफोन लावून ऐकलं. पंख्याची घरघर. मग हवा सुटल्यासारखा एक आवाज, थांबत थांबत, पुन्हा तसाच, पुन्हा तसाच. शब्द एकही नाही. आणि अगदी शेवटी, लांबून, एका बाईचा आवाज: "झालं का हो?"

बस, एवढंच. मी शेरा लिहिला, "ध्वनिमुद्रणात संमतीचे वाक्य नाही. ऐकू येणारा आवाज मालकाचा नसून दुसऱ्याच व्यक्तीचा आहे." मुद्दा पक्का होता. अर्ज अपूर्ण, पुन्हा लिहावा. चौथा अर्ज आला नाही. मी विसरून गेले.

माघ संपता संपता ग्रुपवर मेसेज आला, काकू गेल्या. या वेळी हात जोडल्याचं चित्र टाकायची लाज वाटली. दहावं झाल्यावर मी दुपारची गाडी धरली आणि रोह्याला उतरले. रिक्षावाल्याला वरशातलं सरांचं घर समजावून सांगावं लागलं नाही, त्याला ते माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं.

दार शेजारच्या भाभीने उघडलं. तिचा नवरा आखातात असतो, तिची दोन पोरं सरांकडे अभ्यासाला बसायची, आणि काकूंना दिसेनासं झाल्यापासून तिन्हीत्रिकाळ ती या घरात असायची, हे तिनेच मला पाणी देताना सांगितलं. सर आतून आले. गळ्याला पांढरा सुती रुमाल बांधलेला. बारीक झाले होते, पण चालणं तेच, नाकासमोर. मला बघून त्यांनी दोन्ही हात वर केले, आशीर्वाद द्यावा तसे, आणि मग खुणेने बसायला सांगून टेबलावरचा लॅपटॉप पुढे ओढला. टाइप केलं. लॅपटॉपमधून एक बाई बोलली.

"ये. किती वर्षांनी आलीस. चहा घेशील ना?"

आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, बारीक, टिक.

तो आवाज मी रोज ऐकते. आमच्या चाचणीच्या आवाजांतला तो मराठी बाईचा आवाज आहे. मला वाटतं मी तेव्हाच सगळं समजले, पण समजायचं नव्हतं म्हणून विचारलं, "सर, ही की कुठून मिळाली?"

ते उठले आणि कपाटातून एक फाइल घेऊन आले. क्लासमध्ये असायची तशीच, दोरीची. आत माझी तिन्ही पत्रं छापून, भोकं पाडून, क्रमाने लावलेली. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात लाल पेनाने बरोबरची खूण. तिसऱ्या पत्रावर खुणेबरोबर एक शब्दही होता: "योग्य."

"तुम्हाला माहीत होतं, मी आहे ते?"

त्यांनी पत्रातल्या पहिल्या ओळीखाली बोट फिरवलं. अर्ज अपूर्ण. पुन्हा लिहावा. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. वाक्य त्यांचंच होतं, ते कसं ओळखणार नाहीत?

मी रडायला लागले. रडतारडता मला रागही आला, आणि तो आला हे लपवायचं नाही. मी म्हटलं, "सर, एक फोन करायचात. कोणाकडून तरी करवायचात. एका ओळीचा मेसेज."

त्यांनी टाइप केलं. बाई बोलली, "फोन केला असता तर दिली असतीस?" टिक.

"हो. त्याच दिवशी."

"म्हणून नाही केला." टिक.

"आणि काकू?"

सरांची बोटं कळांवर होती. मग त्यांनी हात मांडीवर घेतले आणि खिडकीकडे बघत बसले. त्या माणसाने आयुष्यभर माझ्याकडून पाठ करून घेतलेला नियम त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोवर लागू झाला होता आणि तो लावणारी मी होते. दोघांपैकी कोणी चुकलं असं म्हणता येत नव्हतं. मला मात्र दोघांचाही राग येत होता, आणि अजूनही येतो.

मी म्हटलं, "मी आता करून देते सर. वरिष्ठांशी बोलते. तुमच्या कॅसेट आहेत ना?"

त्यांनी मान डोलावली. कॅसेट होत्या, बुटांच्या तीन खोक्यांत, वर धड्यांचे क्रमांक. मग त्यांनी या वेळी लॅपटॉप घेतला नाही. टेबलावरच्या वहीत पेनाने लिहून माझ्यापुढे सरकवलं. "माझा आवाज मला नको. मला तो पाठ आहे. घरभर माझाच आवाज आहे. तिचा एकही नाही."

निघाले तेव्हा भाभी कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. रिक्षा येईपर्यंत ती बोलत राहिली, आणि मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

"सरांनी आधी गळ्याला लावायचं एक मशिन आणलं व्हतं ताई. त्यातनं भुंग्यावानी आवाज यायचा. काकी घाबरली, म्हनली बंद करा ते. मग ही लॅपटॉपमधली बाई आली. सर टाइप करायचे, बाई बोलायची. सुरुवातीला काकी हसायची, म्हनायची, यांनी म्हातारपनी दुसरी आनली घरात. मंग मंग तिची तब्येत बिघडली, ध्यानात काय राहीना. तवा ती त्या बाईशी नीट बोलायची, पावन्यांशी बोलतात तशी. सर बाजूला बसून टाइप करतायत, हातात हात घेतायत, पन हिला समजायचं नाय. बाई बोलली की ही म्हनायची, 'बाई, तुमी रोज येता, मला बरं वाटतं. पन आता जरा यांना पाठवा. मला यांच्याशी बोलायचं हाय.'"

भाभीने ओढणीने डोळे पुसले. "रोज म्हनायची. सर मंग टाइप करायचे नाय. नुसते बसून राह्यचे."

रिक्षा आली. मी स्टेशनवर जाऊन बसले. गाडीला अवकाश होता. ऑफिसच्या ग्रुपवर मी टाकलेला तो महोदयचा फोटो शोधला आणि काढून टाकला. सगळ्यांचा तो कधीच पाहून झाला होता, त्यामुळे त्याने काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसल्यावर मी आधी वरिष्ठांना कळवलं की तीन अर्ज मी ओळखीच्या माणसाचे तपासले आहेत, नकळत. ज्यांचा आवाज गेला आहे त्यांच्यासाठी संमतीची दुसरी वाट ठेवावी, डॉक्टरांचं पत्र घ्यावं, कोणीतरी घरी जाऊन भेटावं, असंही लिहिलं. उत्तर आलं की सूचना चांगली आहे, विचार करू. तो विचार अजून चालू आहे.

मग मी तिसऱ्या अर्जाचं पान उघडलं. नाकारलेल्या अर्जांबरोबरची ध्वनिमुद्रणं ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसली जातात. या फाइलचे नऊ दिवस उरले होते. मी हेडफोन लावले. पंखा. हवा सुटल्यासारखा आवाज, थांबत थांबत. आता मला त्यात शब्द मोजता येत होते. हा, आवाज, माझा, आहे. सर आमचं वाक्य म्हणत होते, गळ्याच्या भोकातून, अख्खं, एकही शब्द न गाळता. शेवटचा श्वास थोडा वर गेला होता, प्रश्न विचारल्यासारखा. आणि मग काकू: "झालं का हो?"

मी यालाच दुसऱ्या व्यक्तीचा आवाज असं लिहिलं होतं.

फाइल बाहेर काढायची मला परवानगी नाही. माझ्या मशीनवर उतरवून पाठवून दिली असती तर कोणाला कळलंही नसतं, आणि त्या सकाळी माझा हात दोनदा तिकडे गेला. पण सरांना चोरून आणलेली गोष्ट देणं मला जमेना. स्वतःची माहिती परत मागायचा हक्क प्रत्येक अर्जदाराला आहे, त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. बटण आमच्या पानावरचं असल्यामुळे सरांकडे त्या ध्वनिमुद्रणाची प्रत नव्हती. त्यात काकू बोलल्या आहेत, हे माझ्या शेऱ्यावरून त्यांना कळलं असेलही, पण ते अजून शिल्लक आहे याची कल्पना नसणार. मी त्यांना मेसेज केला. फाइल आहे. शेवटी काकूंचा आवाज आहे, तीन शब्द. फॉर्मची लिंक ही. मुदत नऊ दिवस.

उत्तर आलं नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. समोरच्या कारखान्यात नव्या वर्षाच्या मूर्तींचं काम सुरू झालं होतं, कच्च्या मूर्ती उन्हात ओळीने ठेवलेल्या. मी दर तासाला यादी बघत होते. मला वाटलं, ते मागणारच नाहीत. मला वाटलं, त्यांना माझं तोंडही बघायचं नसेल.

चौथ्या दिवशी सकाळी यादीत एक नवा क्रमांक आला. नाव दिसत नव्हतं, गाव दिसत नव्हतं. काय हवं आहे, त्यापुढे तिसऱ्या अर्जाचा क्रमांक आणि "ध्वनिमुद्रण" एवढंच. त्याखाली 'कारण' असा रकाना असतो. तो ऐच्छिक आहे, लोक रिकामा सोडतात. सरांनी भरला होता. दोन शब्द.

"कंटाळा आला."

मी फाइल पाठवण्याचं बटण दाबलं. त्या फॉर्मवर आम्ही शेरा लिहीत नाही, तशी पद्धत नाही. मी खाली लिहिलं, "मंजूर."